एका बॉयलरवर दोन थर्मोस्टॅट: घरात नवा हीटिंग झोन कसा जोडतात?

मागच्या हिवाळ्यात माझ्या घरात एकाच वेळी दोन ऋतू असायचे. हॉलमध्ये २० अंश सेल्सिअस आणि गॅरेजच्या वरच्या खोलीत १२. मी राहतो अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समध्ये. घर जुनं, तळघरात तेलावर चालणारा बॉयलर. आणि यंदा डिसेंबरमध्ये साताऱ्याहून आई-बाबा तीन महिन्यांसाठी येणार होते. त्यांना द्यायला तीच एक खोली रिकामी. आईला संधिवात आहे, त्यामुळे "दोन रजया घे" म्हणून भागणार नव्हतं.

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. पहिला विचार काय आला? एक स्मार्ट थर्मोस्टॅट घेऊ, त्या खोलीत लावू, अ‍ॅपवर २२ सेट करू, विषय संपला! पण विषय असा संपत नाही. थर्मोस्टॅट उष्णता तयार करत नाही, तो फक्त एक स्विच आहे. माझ्या घरात गरम पाण्याचा एकच रस्ता होता आणि तो सगळ्या खोल्यांमधून एकापाठोपाठ जायचा. गॅरेजवरची खोली रांगेत शेवटची, म्हणजे तिथे पोहोचेपर्यंत पाणी निवलेलं. थर्मोस्टॅट तिथे हलवला असता तर ती खोली २२ झाली असती, पण हॉलचा तंदूर झाला असता.

आधी सिस्टीम समजून घेऊ. तळघरात साधारण २७५ गॅलनची, म्हणजे हजार लिटरच्या आसपासची टाकी असते. त्यात हीटिंग ऑइल. हे जवळजवळ डिझेलच, फक्त लाल रंग घातलेलं, कारण त्यावर रस्त्यावरच्या इंधनाचा कर नसतो. कर चुकवून कुणी ते ट्रकमध्ये भरलं तर रंगावरून पकडता यावं. बर्नर हे तेल बारीक फवारून जाळतो, पाणी ८० अंशांच्या आसपास तापतं, एक पंप ते पाणी भिंतीच्या पायथ्याशी लावलेल्या रेडिएटरमधून फिरवतो. त्याला इथे बेसबोर्ड म्हणतात. पाणी थंड होऊन परत बॉयलरमध्ये.

झोन जोडायचा म्हणजे या पाण्याला दुसरा रस्ता काढून द्यायचा आणि प्रत्येक रस्त्यावर विजेवर उघडणारा एक झोन व्हॉल्व्ह बसवायचा. लक्षात घ्या, प्रत्येक रस्त्यावर! नव्या झोनला व्हॉल्व्ह लावला आणि जुना तसाच मोकळा सोडला, तर पंप सुरू झाल्यावर पाणी जुन्या झोनमध्येही जाणारच. व्हिडिओ कॉलवर मी बाबांना हे दहा मिनिटं समजावत होतो. ते म्हणाले, "अरे, ही तर दारं धरायची गोष्ट. मोटर एकच, ज्या वाफ्याचं दार उघडशील तिकडं पाणी." माझ्या आकृतीपेक्षा हे बरं होतं.

आता वायरिंग, कारण इथेच आपल्यासारख्यांना मजा येते. सगळं २४ व्होल्ट एसीवर चालतं. खोली थंड झाली की थर्मोस्टॅट आर आणि डब्ल्यू या दोन वायरी आतून जोडतो. त्याने बॉयलर लगेच पेटत नाही. आधी झोन व्हॉल्व्हची मोटर फिरते, व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो, मग त्याच्या आतला छोटा एंड स्विच बंद होऊन बॉयलरला सांगतो की रस्ता मोकळा आहे. तेव्हा पंप सुरू होतो, आणि पाणी पुरेसं गरम नसेल तर बर्नरही. दोन्ही झोनचे एंड स्विच समांतर जोडलेले असतात, म्हणजे चक्क ऑर गेट. कुठल्याही एका झोनने मागणी केली तरी बॉयलर उठतो.

पण बॉयलर पुरेल का? माझा बर्नर तासाला ०.८५ गॅलन तेल जाळतो. एका गॅलनमध्ये सुमारे १,३८,५०० बीटीयू उष्णता असते. धुराड्यातून जाणारी वजा केली तर पाण्याला तासाला साधारण एक लाख बीटीयू मिळतात. कडाक्याच्या थंडीत माझं अख्खं घर ५५ हजारांच्या आसपास गमावतं आणि ती खोली एकटी ६ हजार. म्हणजे बॉयलर भरपूर मोठा. बेसबोर्ड एका फुटाला साधारण ५५० बीटीयू देतो, म्हणून त्या खोलीत ११ फूट लागला.

मी खूश, टेक्निशियन नाही. तो म्हणाला, खरी अडचण उलटी आहे. रात्री फक्त ही खोली ६ हजार मागेल आणि बर्नर लाख देईल. तेलाच्या बर्नरला गॅसच्या शेगडीसारखी आच मंद करता येत नाही, एक तर पूर्ण चालू नाही तर बंद. पाणी काही मिनिटांत तापणार, बर्नर बंद, पुन्हा चालू, रात्रभर हेच. याला शॉर्ट सायकलिंग म्हणतात. तेल वाया जातं, काजळी धरते, पार्ट झिजतात. मोठी बफर टाकी बसवणं हा एक उपाय, पण महाग. आम्ही शेजारच्या दोन बेडरूमही नव्या झोनमध्ये घेतल्या. झोन मोठा झाला, प्रश्न बराच सुटला.

पाइप आणि बॉयलरचं काम लायसन्सवाल्याकडूनच करून घ्या. चूक झाली तर कार्बन मोनॉक्साइडची भीती असते, आणि त्याला वास नसतो. मी माझ्याकडे फक्त थर्मोस्टॅटची वायर ठेवली होती, आणि तीच चुकवली.

भिंतीत आधीची दोन तारांची केबल होती, मी तीच वापरली. थर्मोस्टॅटच्या माहितीपत्रकात सी वायर नसली तरी चालेल असं होतं. नोव्हेंबरमध्ये पहिली खरी थंड रात्र आली, बाहेर उणे ८. सकाळी सहाला अ‍ॅप उघडलं तर "ऑफलाइन". वर धावत गेलो. स्क्रीन काळी, खोली ११ अंश, बेसबोर्ड गार. आणखी एखादी अशी रात्र गेली असती तर गॅरेजच्या छतातला पाइप गोठून फुटला असता.

कारण असं. सी वायर नसेल तर वायफायचा थर्मोस्टॅट व्हॉल्व्हच्या सर्किटमधूनच थोडी थोडी वीज घेऊन आपली बॅटरी भरतो. पण हीटिंग चालू असताना आर आणि डब्ल्यू जोडलेले असतात, म्हणजे त्याच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेजच उरत नाही. चार्जिंग फक्त हीटिंग बंद असताना. रात्र जितकी थंड तितकं हीटिंग जास्त वेळ चालू, आणि चार्जिंग तितकं कमी. नेमकी गरज असते तेव्हाच हा डबा झोपणार! ऑक्टोबरच्या टेस्टिंगमध्ये हे दिसणं शक्यच नव्हतं.

त्या दिवशी साध्या पेन्सिल सेलवर चालणारा थर्मोस्टॅट लावून वेळ निभावली. शनिवारी पाच तारांची केबल ओढली. तळघराच्या जिन्यावर बॉयलरचा लाल स्विच असतो, तो आधी बंद केला. सी तार ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या टोकाला जोडली. ट्रान्सफॉर्मर ४० व्हीएचा होता, दोन व्हॉल्व्ह आणि दोन थर्मोस्टॅटना पुरतो. शिवाय खोलीत बॅटरीवरचा वेगळा तापमान सेन्सर ठेवला, १४ च्या खाली गेलं की फोनवर अलार्म वाजतो. लाइट गेली तर मात्र हे सगळं बंद. टाकीत हजार लिटर तेल असलं तरी पंपाला आणि बर्नरला वीज लागतेच. त्यासाठी अजून माझ्याकडे उपाय नाही, जनरेटरचे भाव बघतोय.

आई-बाबा येऊन आता पाच आठवडे झालेत. आईने खोली २३ वर ठेवली आहे. बाबांनी माझ्याकडून अ‍ॅपचा पासवर्ड घेतलाय, आणि दुपारी मी ऑफिसमध्ये असताना फोनवर नोटिफिकेशन येतं: वरचा झोन १८ वर. तेल वाचवतायत.