आपला तो बाब्या

'आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे' ही म्हण तुम्ही ऐकली असेल. आपल्या भावाने काच फोडली, तर आपण म्हणतो, "चेंडू चुकून लागला." शेजारच्या मुलाने फोडली, तर त्याच्या हेतूवर, म्हणजेच इराद्यावर, शंका घेतो. राष्ट्रांच्या बाबतीतही माणसे पुष्कळदा असाच न्याय करतात.

१९६० साली युरी ब्रॉन्फेनब्रेनर हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सोव्हिएत संघात गेले. त्यांना रशियन भाषा येत होती, म्हणून ते सामान्य लोकांशी थेट बोलले. अमेरिकेचे सरकार युद्धखोर आहे व आपल्या जनतेला फसवते, असे ते लोक सांगत. अमेरिकेतील लोक सोव्हिएत सरकारविषयी हेच बोलत! जणू दोघे एकाच आरशाच्या दोन बाजूंना उभे होते.

दोनच वर्षांनी या संशयाने जगाला अणुयुद्धाच्या काठावर नेले. अमेरिकेने तुर्कस्तानात, सोव्हिएत संघाच्या शेजारी, अण्वस्त्रे नेणारी क्षेपणास्त्रे ठेवली होती. तुर्कस्तान तिचे मित्रराष्ट्र होते. त्यामुळे तिला ते संरक्षण वाटे. १९६२ मध्ये सोव्हिएत संघाने क्यूबात क्षेपणास्त्रे नेली. १९६१ मध्ये अमेरिकेच्या मदतीने क्यूबावर हल्ला झाला होता. आपण मित्राचे रक्षण करत आहोत, असे सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह म्हणत. अमेरिकेला मात्र त्यात आक्रमणाचा डाव दिसला.

१६ ऑक्टोबरच्या बैठकीत राष्ट्राध्यक्ष केनेडी म्हणाले, की आपण तुर्कस्तानात अशी क्षेपणास्त्रे ठेवली, तर ते फार धोक्याचे ठरेल. तेव्हा एका सल्लागाराने आठवण करून दिली, की ती आपण ठेवलीच आहेत!

अखेर २८ ऑक्टोबरला ख्रुश्चेव्ह यांनी माघार मान्य केली. क्यूबावर हल्ला न करण्याचे वचन अमेरिकेने दिले. तुर्कस्तानातील क्षेपणास्त्रे काढण्याचेही तिने गुप्तपणे कबूल केले. १९६३ मध्ये ती काढली गेली. त्याच वर्षी मॉस्को आणि वॉशिंग्टन यांच्यात थेट संदेशयंत्रणा सुरू झाली.

याचा अर्थ प्रत्येक शंका खोटी असते, असा नाही. सोव्हिएत संघाने क्षेपणास्त्रांची गोष्ट लपवली होतीच. म्हणून डोळे उघडे ठेवावेत. पण माप मात्र एकच असावे. वर्तमानपत्रात एखाद्या देशाची बातमी वाचाल, तेव्हा स्वतःला विचारा : हेच काम आपल्या मित्राने केले असते, तर मी त्याला काय म्हटले असते?