वणव्याआधीच इंधन फस्त!

वणवा पेटल्यावर तो विझविण्यापेक्षा त्याचे इंधन आधीच कमी करणे श्रेयस्कर. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सिमी व्हॅली येथे रोनाल्ड रेगन अध्यक्षीय ग्रंथालय आहे. त्याने मे २०१९ मध्ये या कामासाठी सुमारे ५०० शेळ्या भाड्याने आणल्या. त्यांनी भोवतालच्या सुमारे १३ एकरांवरील झाडझाडोरा फस्त केला. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला वणवा या टेकडीवर येऊन थडकला, तेव्हा या मोकळ्या पट्ट्याने अग्निशमन दलाला उसंत दिली आणि ग्रंथालय बचावले.

यंत्र पोहोचत नाही अशा तीव्र उतारावरही शेळी सहज चढते. गायींचा भर गवतावर असतो. शेळी मात्र काटेरी झुडपांचा पालाही ओरबाडते. मागच्या पायांवर उभी राहून ती खालच्या फांद्यांचा पाला खाते. त्यामुळे जमिनीवरील आगीला शेंड्यापर्यंत चढण्यासाठी शिडी मिळणे कठीण होते.

मात्र, तण कोणते आणि जपायचे रोप कोणते, हे शेळीला कळत नाही. कळप एकाच जागी रेंगाळल्यास जमीन उघडी पडून मातीची धूप होते. म्हणूनच तात्पुरत्या विद्युत कुंपणात चराई करून कळप वेळीच पुढे हलवावा लागतो. जमीन सुरक्षित होणार की उजाड, हे शेळीवर नव्हे, तर राखणाऱ्यावर अवलंबून असते.