न सांपडणारें पोटाचें दुखणें

श्रीगुरुचरित्राच्या तेराव्या अध्यायांत पोटशुळानें गांजलेल्या एका ब्राह्मणाची कथा आहे. अन्न पोटांत गेलें कीं प्राणांतिक कळ उठे, म्हणून तो बापडा दिवसचे दिवस उपाशी राही. अखेरीस जिवाला कंटाळून, पोटाशीं धोंडे बांधून तो वासर क्षेत्रीं गोदावरीच्या पात्रांत शिरला. श्रीगुरूंनीं त्याला बाहेर आणविलें आणि सायंदेव नांवाच्या गृहस्थाला त्यास पोटभर जेवूं घालण्याची आज्ञा केली. सायंदेव घाबरला. जेवूं घातलें आणि हा मेला, तर ब्रह्महत्येचें पातक आपल्या माथीं येईल, असें त्याला वाटलें. पुढें काय घडलें तो श्रद्धेचा भाग असून तो श्रोत्यांस ठाऊकच आहे. वैद्यकाच्या दृष्टीनें लक्षांत घेण्याजोग्या गोष्टी त्याच्या आधींच येऊन गेल्या. रोग्याला अन्नाचेंच भय वाटूं लागलें होतें, यजमानाला रोग्याचें भय वाटूं लागलें होतें, आणि दुखण्यापेक्षां मरण बरें, या निर्णयाला तो माणूस येऊन पोंचला होता. सोळाव्या शतकांतील ग्रंथांतलें हें वर्णन आजच्या एखाद्या रोग्याच्या तोंडून जसेंच्या तसें ऐकूं येईल.

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारी किंवा पुनःपुन्हा उलटणारी वेदना ती जुनाट वेदना, असें वैद्यकशास्त्र मानतें. बेंबीच्या वर, बेंबीभोंवतीं, ओटीपोटांत, जांघांच्या सांध्यांत किंवा कमरेच्या तळाशीं अशी वेदना वर्षानुवर्षें घर करून राहते आणि तपासण्यांत कांहींच सांपडत नाहीं, असे रोगी थोडेथोडके नाहींत. जागतिक आरोग्य संघटनेची रोगांची नवी यादी १ जानेवारी २०२२ पासून अंमलांत आली. तींत अशा वेदनेला स्वतंत्र रोगाचें स्थान दिलेलें आहे. म्हणजे वेदना ही दुसऱ्या कशाची तरी खूण असलीच पाहिजे असें नाहीं. कधीं कधीं वेदना हाच रोग असतो. त्यापूर्वीं, २०२० मध्यें, वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें वेदनेची व्याख्या सुधारून घेतली, तेव्हां तिच्या जोडीला एक टीप मुद्दाम घातली. मला दुखतें असें जो सांगतो, त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे, असा तिचा आशय आहे. इतकी साधी गोष्ट लिहून ठेवावी लागली, यावरून रोग्यांचा अनुभव काय असेल तो कळून येतो.

हा अनुभव बहुधा एकाच वाटेनें जातो. पोट दुखूं लागलें म्हणजे प्रथम घरचा ओवा, हिंग आणि शेक. मग शेजारीण सांगते कीं बेंबी सरकली आहे, किंवा नळ फुगले आहेत. ती बसवून आणणारा कोणी तरी गांवांत असतोच. त्यानंतर डॉक्टर, आम्लपित्ताच्या गोळ्या, जंतांचें औषध. मग सोनोग्राफी, रक्त, लघवी, दुर्बिणीनें जठराची तपासणी. कागदांची पिशवी जाड होत जाते आणि प्रत्येक कागदाच्या तळाशीं ‘नॉर्मल’ हा एकच शब्द असतो. निरोगी माणसाला ज्या शब्दानें हायसें वाटावें, त्याच शब्दानें हा रोगी हिरमुसतो. कारण त्याचा दुसरा अर्थ घरीं लावला जातो. सगळें नॉर्मल आहे, मग हिला झालें आहे तरी काय? कामाचा कंटाळा, दुसरें काय! रोगी स्त्री असेल, आणि ओटीपोटाच्या बाबतींत ती बहुधा स्त्रीच असते, तर हा निकाल फारच लवकर लागतो.

वास्तविक ‘नॉर्मल’ या शब्दाचा अर्थ एवढाच कीं, या यंत्राला जें दिसूं शकतें त्यांत बिघाड दिसला नाहीं. सोनोग्राफी अवयवाचा आकार दाखविते. तो अवयव कसा वागतो आणि त्याचे ज्ञानतंतु कोणती वर्दी पोंचवितात, हें ती दाखवीत नाहीं. भिंतीचें छायाचित्र पाहून घरांत भांडण आहे कीं नाहीं हें सांगतां येणार नाहीं, तसेंच हें.

पोटाच्या आंतील अवयवांची ज्ञानतंतूंची व्यवस्था त्वचेहून फार निराळी आहे. बोटाला कांटा टोंचला तर कोणत्या पेराला टोंचला तें डोळे मिटून सांगतां येतें. आंतड्यांना मात्र कापण्या-भाजण्याची फारशी जाणीव नसते. तीं ताणलीं गेलीं, आंवळलीं गेलीं, सुजलीं किंवा त्यांचा रक्तपुरवठा अडला, तरच दुखतात. आणि दुखतात तींही मोघम. शिवाय आंतडें, मूत्राशय, गर्भाशय आणि पोटाची कातडी व स्नायू यांच्या वर्द्या मज्जारज्जूंत जवळजवळ एकाच ठाण्यावर येऊन मिसळतात. त्यामुळें दुखतें एकीकडे आणि जाणवतें दुसरीकडे. मूत्राशयाची कुरबूर गर्भाशयाच्या नांवावर जमा होते, आणि मासिक पाळीच्या दिवसांत आंतड्याचेंही दुखणें बळावतें.

याहून महत्त्वाची गोष्ट वेदनेच्या जुनेपणाची. पूर्वीं गांवाला जागल्या असे. एकदां मोठी चोरी झाली कीं तो इतका धास्तावे कीं मग पिंपळाचें पान पडलें तरी आरोळी ठोकी. चोर केव्हांच पळालेला असतो, पण गांवाची झोप मोडायची ती मोडतेच. दीर्घकाळ वेदनेचा मारा सहन केलेल्या मज्जारज्जूची आणि मेंदूची अशीच अवस्था होते. प्रथम कदाचित् जंतुसंसर्ग झाला असेल, शस्त्रक्रिया झाली असेल, किंवा दर महिन्याला पाळीच्या कळा आल्या असतील. मूळ कारण निवळल्यावरही तंतु चढेच राहतात. मग जेवणानंतर आंतडें नेहमींप्रमाणें हललें, मूत्राशय थोडें भरलें, लुगड्याची गांठ जरा घट्ट बसली, तरी ती वेदनाच होऊन मेंदूपर्यंत पोंचते. येथें आरोळी खोटी नसते. ती ऐकणारा खरोखरच दचकतो. ‘हें मनाचें आहे’ असें म्हणणाऱ्यांची चूक येथें होते. काळजी आणि निद्रानाश यांनीं जागल्या अधिक धास्तावतो हें खरें, परंतु त्याला त्यांनींच नेमलें असें मुळींच नाहीं.

अर्थात् न सांपडलेलें प्रत्येक दुखणें न सांपडण्याजोगें असतेंच असें नव्हे. कित्येक कारणें शोधणाराच्या नजरेबाहेर राहतात. एन्डोमेट्रिओसिस या रोगांत गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर, ओटीपोटांत इतरत्र वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें जननक्षम वयाच्या सुमारें १० टक्के, म्हणजे जगांत अजमासें १९ कोटी, मुली व स्त्रिया या रोगानें पीडित आहेत. त्याचे पातळ डाग सोनोग्राफींत पुष्कळदां दिसत नाहींत, आणि डाग किती व वेदना किती यांचें प्रमाणही जुळत नाहीं. त्यामुळें निदानास कित्येक वर्षें लागतात. तोंवर मुलीला सांगण्यांत येतें कीं लग्न झालें म्हणजे थांबेल, आणि लग्नानंतर सांगण्यांत येतें कीं मूल झालें म्हणजे थांबेल. दर महिन्याला दोन दोन दिवस शाळा बुडविणारी मुलगी ही नाजूक नसून तपासणीस पात्र आहे, हें आयांनीं आणि शिक्षकांनींही ध्यानांत घ्यावें.

दुसरें कारण पोटाच्या आंत नसून पोटाच्या भिंतींतच असतें. एखादा ज्ञानतंतु स्नायूंत आंवळला गेला तर बोटाच्या टोकाएवढ्या जागेंत सतत टोंचतें. त्याची परीक्षा फिलाडेल्फियाचे शस्त्रवैद्य कार्नेट यांनीं १९२६ मध्यें सांगितली, आणि तिला एका पैचाही खर्च नाहीं. रोग्याला उताणें निजवून दुखऱ्या जागीं बोट दाबून धरावें व त्याला डोकें आणि खांदे उचलावयास सांगावें. पोटाचे स्नायू ताठ झाल्यावर आंतील अवयव झांकले जातात, म्हणून दुखणें आंतलें असेल तर कमी होतें. भिंतींतलें असेल तर तसेंच राहतें किंवा वाढतें. हजारों रुपयांच्या तपासण्या होऊन गेल्यावर ही परीक्षा आठवावी, हें आश्चर्य खरें. ओटीपोटाचा तळ धरून ठेवणारे स्नायू सतत आंवळलेले राहिले तरी असेंच दुखतें. पुरुषांतही तें आढळतें आणि प्रोस्टेट ग्रंथीचा जंतुसंसर्ग समजून त्यावर महिनोन्महिने व्यर्थ औषधें दिलीं जातात. आपल्या देशांत पोटाचा आणि जननेंद्रियांचा क्षय हेंही एक लपून राहणारें कारण आहे. तें विसरून चालणार नाहीं.

कारण शोधण्याच्या उतावीळपणानें काय होतें याचें दारुण उदाहरण महाराष्ट्रांतच आहे. बीड जिल्ह्यांतील ऊसतोड कामगार स्त्रियांची राज्य सरकारच्या समितीनें २०१९ मध्यें पाहणी केली, तेव्हां सुमारें ८२ हजार स्त्रियांपैकीं १३ हजारांहून अधिक स्त्रियांचें गर्भाशय काढलेलें आढळलें. त्यांतील पुष्कळ जणी तरुण होत्या. तक्रारी बहुधा पोटदुखी, कंबरदुखी, पाळीचा त्रास, अंगावरून जाणें अशाच. फडांत पाणी नाहीं, आडोसा नाहीं, आजारपणाचा खाडा झाला तर मजुरी कापली जाते. अशा स्थितींत ‘पिशवी काढली कीं कटकट गेली’ हा सल्ला त्यांना पटला यांत नवल तें काय? पण गर्भाशय गेलें तरी पुष्कळ स्त्रियांची वेदना जात नाहीं, कारण ती तेथली नसते, किंवा तोंवर ज्ञानतंतूंत मुरलेली असते. आणि त्यासोबत अंडकोशही काढले गेले, तर अकालीं हाडें ठिसूळ होण्याचें नवें दुखणें पदरीं येतें.

डॉक्टराला नेमकें कळावें याचा अर्धा भार रोग्याच्या शब्दांवर असतो, आणि या बाबतींत मराठी भाषा श्रीमंत आहे. ‘पोट दुखतें’ एवढ्यावर थांबूं नये. कळ येते कीं ठणका लागतो? मुरडा येऊन शौचानंतर उतार पडतो काय? चमक निघते, आग होते, टोंचतें, कीं नुसतें जड वाटून खालीं ओढ लागते? सुश्रुतानें शूल या शब्दाची फोड करतांना अंगांत खुंटी ठोकल्यासारख्या वेदनेचा दाखला दिला आहे, आणि पुढील वैद्यांनीं अन्न पचतेवेळीं उठणारा परिणामशूल निराळा काढून ठेवला. ही बारकाई आजही उपयोगी पडते. मुरडा आणि शौचाशीं संबंध असल्यास आंतड्याकडे बोट जातें; लघवी तुंबतांच वाढून केल्यावर कमी होणारी वेदना मूत्राशय सुचविते; आग आणि चमक ज्ञानतंतूकडे नेते. एक वही करावी. वेळ, जागा, शब्द, जेवण, पाळीचा दिवस, झोप, एवढेंच दोन महिने लिहावें. पतिपत्नींच्या सहवासांत दुखत असेल तर तेंही लिहावें. तोंडानें सांगण्याचा संकोच कागदाला होत नाहीं.

उपचारांत एक घोंटाळा नेहमीं होतो. डॉक्टर अॅमिट्रिप्टिलिनसारखें औषध अगदीं थोड्या मात्रेंत देतात. घरचे कोणी तरी कागद वाचून सांगतात कीं ही तर मनाच्या विकाराची गोळी! आणि ती खिडकीबाहेर जाते. या औषधाची लहान मात्रा ज्ञानतंतूंची चढेल वर्दी मंद करते, म्हणून तें दिलेलें असतें, वेडावर नव्हे. तें कांहीं आठवडे घेतल्याखेरीज गुण कळत नाहीं, हें देणारानेंही सांगावयास हवें. उलट, दुकानांतून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या रोज खाल्ल्यानें जठराला व्रण पडतात आणि मूत्रपिंडें बिघडतात. अफूच्या जातीचीं औषधें तर दीर्घकाळ घेतल्यास आंतड्याची वेदना वाढवितात.

आहाराविषयीं घरोघरीं शास्त्रें फार. कांदा, लसूण, गहूं, हरभरा, राजमा यांनीं कित्येकांच्या आंतड्यांत वायु धरतो. जाणत्या आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीं ते कांहीं आठवडे सोडून मग एकेक परत घेऊन पाहणें योग्य. पण एकेक पदार्थ कायमचा तोडत जाऊन अखेर मऊभात आणि ताकावर येऊन ठेपलेला रोगी हा बरा होत नसून क्षीण होत असतो. कथेंतल्या सायंदेवाचें भय येथें घरोघरीं भेटतें.

आणि मग रोजच्या जगण्याचा प्रश्न. वेदना थोडी उतरली कीं बाई एका दिवसांत आठ दिवसांचीं कामें उरकते, धुणें, दळण, पाहुणे, सगळें. आणि पुढचे तीन दिवस अंथरुणाला खिळते. घरचे म्हणतात, परवां तर बरी होतीस! यावर उपाय म्हणजे घड्याळाकडे पाहून काम आणि घड्याळाकडे पाहून विसांवा. बरें वाटतें म्हणून अधिक नाहीं आणि दुखतें म्हणून अगदींच पडून राहणें नाहीं. रोज थोडें चालणें, गरम पाण्याच्या पिशवीचा शेक, पोट सैल सोडून संथ श्वास, ठरल्या वेळीं निजणें. ओटीपोटाचे स्नायू आंवळलेले असतील तर ते सैल सोडण्याचा व्यायाम जाणत्या फिजिओथेरपिस्टकडून शिकावा. आंवळण्याचा व्यायाम ऐकीव माहितीनें केल्यास दुखणें वाढतें. यांतल्या कशानेंही एका आठवड्यांत चमत्कार होत नाहीं. पुष्कळांची वेदना पूर्ण जात नाहीं. परंतु महिन्यांतले वीस दिवस वाईट असत, ते आठांवर आले, तर संसार पुन्हा चालूं लागतो. आठवड्यांतून एकदां ‘आज किती आहे?’ असें विचारून उत्तर खरें मानणारा एक माणूस घरांत असला तर ही मजल पुष्कळच सोपी जाते; तासातासाला विचारणारा मात्र नको.

कांहीं लक्षणांत थांबतां कामा नये. न कळत वजन घटणें, शौचांतून रक्त किंवा काळा मळ, रेंगाळणारा ताप, कावीळ, पोटांत लागणारी गांठ, झोपेंतून उठविणारी कळ, पन्नाशीनंतर नव्यानें सुरू झालेलें दुखणें, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त जाणें, यांपैकीं कांहीं दिसल्यास पूर्वींचे कागद कितीही ‘नॉर्मल’ असोत, पुन्हा तपासणी करावी. पाळी चुकलेल्या स्त्रीला ओटीपोटांत एकाएकीं तीव्र कळ येऊन घेरी आली, तर त्याच घटकेला इस्पितळ गांठावें. आणि वेदनेला कंटाळून कोणी नदीच्या, विहिरीच्या किंवा गोळ्यांच्या गोष्टी बोलूं लागला, तर ती नाटकी भाषा समजूं नये. त्याला एकटें सोडूं नये. सरकारनें ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही सेवा चालू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून तो दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहींत, आणि तेथें मराठींतून बोलतां येतें.