शोधापासून शेतापर्यंत

शोध लागला की धंदा आपोआप उभा राहतो, असे आमच्या वर्गातल्या मुलांना वाटते. जळगावचे ठिबक सिंचन वेगळेच सांगते.

गळक्या पाण्याजवळचे झाड जास्त वाढलेले पाहून इस्रायलचे अभियंते सिम्चा ब्लास यांना ही कल्पना सुचली. तिथे त्याची कंपनी निघाली ती १९६५ मध्ये. १९६३ मध्ये ७,००० रुपयांवर रॉकेलविक्री सुरू करणाऱ्या जळगावच्या भवरलाल जैन यांनी १९८० च्या दशकात हे तंत्र खानदेशात आणले. त्यांनी नुसत्या नळ्या विकल्या नाहीत. शेताचा आराखडा, जोडणी आणि पिकाचा सल्लाही दिला. म्हणून केळीवाल्या शेतकऱ्याचा विश्वास बसला.

पुढे १९९० च्या दशकात याच कंपनीने वित्त, संगणक, ग्रॅनाइट अशा अनोळखी धंद्यांत हात घातला आणि मोठा तोटा सोसला. शेवटी मूळ कामाकडेच परतावे लागले.

जळगाव-धुळ्यात आपलीही मुले-मुली इंजिनिअर होत आहेत. कुणी नवे यंत्र बनवले, तर घरातली बचत लावण्याआधी तीन प्रश्न विचारूया. पैसे मोजणारे गिऱ्हाईक कोण? बिघडले तर दुरुस्त कोण करणार? नफा झाला तर तो याच कामात राहील ना? उत्तरे पक्की असतील, तर बिस्मिल्लाह करावी.