बुधनची रंगभूमि

शौर्य म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें तरवार, घोडा आणि रणांगण उभें राहतें. आपल्या रंगभूमीनेंहि बहुधा असेच वीर दाखविले. पुराणांतले, नाहीं तर इतिहासांतले. परंतु ज्याच्या हातीं शस्त्र नाहीं, पदरीं पैका नाहीं आणि ज्याच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवीत नाहीं, अशा माणसाचें धैर्य रंगभूमीवर कसें आणावें? या प्रश्नाचें उत्तर अहमदाबादच्या एका वस्तींतील तरुणांनीं दिलें आहे. त्यांची हकीकत आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

या वस्तीचें नांव छारानगर. येथील छारा लोक म्हणजे आपल्याकडील कंजारभाटांचे भाऊबंद. १८७१ सालीं इंग्रज सरकारनें कायदा करून कित्येक जमातींना जन्मानेंच गुन्हेगार ठरविलें. त्यांना हजेरी लावण्याची सक्ती झाली. पुढें कुंपण घातलेल्या वसाहतींत त्यांना ठेवण्यांत आलें. सोलापुरासहि अशी वसाहत होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं तो कायदा रद्द झाला. पण कायद्यानें लाविलेला डाग कायद्याबरोबर गेला नाहीं. छारानगरचा पत्ता सांगितला कीं नोकरी देऊं म्हणणारा माणूस विचारांत पडतो.

१९९८ सालीं बंगाली लेखिका महाश्वेतादेवी आणि मूळचे भोरचे, बडोद्याच्या विद्यापीठांत इंग्रजी शिकविलेले गणेश देवी यांच्या प्रयत्नानें येथें एक वाचनालय सुरू झालें. त्याच्या आश्रयानें तरुणांची एक नाटकमंडळी उभी राहिली. पहिल्या नाटकासाठीं त्यांनीं नायक निवडला तो शेंकडों कोस दूरचा.

पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यांत सबर नांवाची अशीच डाग लागलेली जमात राहते. तिच्यांतील बुधन सबर हा तरुण फेब्रुवारी १९९८ मध्यें पत्नी श्यामली हिच्यासह बाहेर पडला असतां पोलिसांनीं त्याला पकडलें. आठवड्याभरांत कोठडींतच त्याचा मृत्यु झाला. त्यानें स्वतःच गळफास लावून घेतला, असें सांगण्यांत आलें. देह जाळला असता तर पुरावाहि जळाला असता. म्हणून सबरांनीं तो न जाळतां पुरून राखला. घरचें माणूस गेलें असतां त्याला शेवटचा निरोप देणें लांबणीवर टाकावयाचें, हें काळजाला किती जड जात असेल, तें आपल्या घरांतून सांगावयास नको! जमातीची कल्याणसमिति कलकत्त्याच्या उच्च न्यायालयांत गेली. देहाची पुनः तपासणी झाली. आणि जुलै १९९८ मध्यें न्यायालयानें चौकशीचा व विधवेस भरपाई देण्याचा हुकूम केला.

हीच कथा छारानगरच्या तरुणांनीं ३१ ऑगस्ट १९९८ रोजीं, म्हणजे मुक्तीच्या दिवशींच, आपल्या वस्तींत करून दाखविली. दक्षिण बजरंगे यांनीं लिहिलेल्या या नाटकाचें नांव ‘बुधन’; मंडळीनेंहि पुढें तेंच नांव घेतलें. राजवाड्याचे रंगविलेले पडदे नाहींत, भरजरी पोशाख नाहींत. माणसाचा देह आणि आवाज एवढेंच भांडवल. शेवटीं हे नट प्रेक्षकांपाशीं दया मागत नाहींत. माणूस म्हणून मान मागतात. दुसऱ्याचें दुःख म्हणून जें नाटक बसविलें, तें पाहतांना वस्तीला आपलेंच दुःख दिसलें. पुढें याच मंडळीनें आपल्या महाराष्ट्रांतील पारधी पिन्या हरी काळे याच्या, जून १९९८ मध्यें बारामतीस कोठडींत झालेल्या मृत्यूवरहि नाटक केलें.

नाटकानें जग पालटतें, असें म्हणण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. जुलै २०१८ मध्यें याच वस्तींत पोलिसांनीं रात्रीं घरांत शिरून मारहाण केल्याची तक्रार रहिवाशांना करावी लागली. तरी ज्यांना आपण चोर म्हणून ओळखतों, त्यांनीं चव्हाट्यावर उभें राहून आपला चेहरा दाखवावा आणि ‘आम्हांला नीट पाहा’ असें म्हणावें, हें धैर्य रणांगणावरील धैर्याहून उणें नव्हे.

आपल्या सुशिक्षित घरांतहि चांदीची वाटी सांपडेनाशी झाली कीं पहिली नजर कोणाकडे वळते? ती वाटी संध्याकाळीं फडताळांतच सांपडते. पण तोंवर कोणाच्या तरी मनाला ओरखडा उठलेला असतो. मुलें हें सारें पाहतात, आणि न शिकवितां शिकतात. सुटींत तीं अंगणांत चादर टांगून नाटकें करतात. राजाराणीच्या गोष्टींबरोबर त्यांना एकदां बुधनची आणि श्यामलीची गोष्टहि सांगावी, एवढीच आमची विनंति आहे.