मेंढीच्या घासाचा हिशोब

पहाटे साडेपाच. म्हसवडजवळचं एक वाडगं. एप्रिल सुरू आहे. मेंढपाळ आबांनी कोकरं आयांकडे सोडली आहेत. ती लुचताहेत तोवर मी बॅटरीच्या उजेडात लेंड्या वेचते. शेळ्या बसतात त्या कोपऱ्यात बाभळीच्या बियांचा सडा पडलाय. शेंग खाल्लेली शेळी रात्री रवंथ करताना कठीण बी तोंडातून टाकून देते. पेरायला बी हवं असणारे असंच बी वाडग्यातून मागून नेतात, कारण ते चांगलं उगवतं. काल कळप कोणत्या झाडाखाली होता, ते माझ्या वहीआधी हा कोपरा सांगतो.

सहा वाजता मेंढ्यांच्या पाठी चाचपते. या दिवसांत कण्याचं हाड बोटाला लागायला लागतं. गाभण मेंढ्यांचं अधिक लागतं.

साडेसहा. कळप माळावर निघाला. गेरूचा टिळा लावलेली एक काळी दख्खनी मेंढी आज माझी. दिवसभर तिच्यामागे चालायचं. ती ज्या झाडाचा, ज्या भागाचा घास घेईल, त्याच झाडाचा तोच भाग तेवढाच हातानं खुडायचा आणि कागदी पिशवीत टाकायचा. प्लॅस्टिकची पिशवी चालत नाही, पाला घामेजून बुरसतो. काम एवढंच आहे, पण दुपारपर्यंत कंबर धरते.

हा खटाटोप करायचं कारण आहे. साधारण रीत अशी की चौरस मीटरभर गवत विळ्यानं कापायचं, वाळवून दळायचं आणि प्रयोगशाळेत द्यायचं. उत्तर येतं: प्रथिनं तीन-चार टक्के. तेवढ्यावर माळाला निकृष्ट म्हणून मोकळं होतात. पण मेंढीच्या तोंडात विळा नसतो. तिचं तोंड निमुळतं, वरचा ओठ मधोमध चिरलेला. काडी बाजूला सारून ती पान तेवढं उचलते. माझी मेंढी आत्ता मारवेलच्या ठोंबात नाक खुपसून तळाशी राहिलेली दोन पानं शोधतेय. वर उभ्या असलेल्या काडीला तिनं तोंडही लावलेलं नाही.

१९७३ साली दबडघाव आणि शंकरनारायण यांनी देशातल्या गवताळ प्रदेशांचे पाच प्रकार मांडले. त्यातला पवन्या आणि मारवेल यांचा प्रकार म्हणजे आपलं दख्खन. ही गवतं फुलोऱ्यावर येतात तेव्हा त्यांत सात-आठ टक्के प्रथिनं असतात. बी झडून वाळली की निम्म्यावर येतात. कुसळी गवताचं तर त्याआधीच बिनसतं. कुसळं धरली की ती तोंडाला टोचतात, लोकरीत घुसून कातडीपर्यंत जातात.

साडेआठ. ऊन चढतंय. सात टक्के ही रेघ इथं समजून घ्यायला हवी. मेंढीच्या मोठ्या पोटात अब्जावधी जंतू असतात, चारा तेच पचवतात. चाऱ्यातली प्रथिनं सात टक्क्यांच्या खाली गेली की या जंतूंचीच उपासमार होते. मग काडी पोटात पडून राहते, पुढं सरकत नाही. जागा होत नाही म्हणून जनावर खाणं कमी करतं. समोर गंज भरून कडबा असला तरी जनावर वाळत जातं, ते यामुळे. त्याला थोडा पाला किंवा शेंग मिळाली, तर तीच काडी पचायला लागते.

आणि एप्रिलातच, गवत सर्वांत हलकं झालेलं असताना, बाभळीच्या आणि हिवराच्या शेंगा पिकतात.

साडेनऊ. ओढ्याकाठची बाभूळ. आबांनी आकडीनं फांदी हलवली. मण्यांच्या माळेसारख्या पांढुरक्या शेंगा खाली आल्या आणि कळप धावला. माझा हात मेंढीच्या तोंडाबरोबर चालेना. या शेंगांत दहा ते तेरा टक्के प्रथिनं, शिवाय गरात साखर. पाल्यात प्रथिनं त्याहून थोडी जास्त. मी विचारलं, "आबा, पोटभर का खाऊ देत नाही?" कळप त्यांनी थोड्याच वेळात हाकलला होता.

"निस्त्या शेंगा खाल्ल्या की बकरी बांधून हागत्यात, ताई. जरा काडी, जरा पाला, मग शेंग."

आबा मेंढीला बकरी म्हणतात आणि शेळीला शेरडी, तीच इथली रीत. आणि त्यांचं म्हणणं बरोबर आहे. बाभळीत टॅनिन असतं, कातडी कमावणारे साल वापरतात ते याच गुणासाठी. टॅनिन बेतात असलं तर प्रथिनाला धरून मोठ्या पोटातून सुखरूप पुढं नेतं आणि आंबट पोटात सोडतं, तिथं ते जनावराच्या अंगी लागतं. फार झालं तर पचनच अडतं. शेळी ते मेंढीपेक्षा जास्त सोसते.

साडेअकरा ते साडेतीन. लिंबाखाली कळप रवंथ करतोय. भाकरी आणि ठेचा खाऊन मी पिशव्यांवर नावं घातली: बोरीचा पाला, हिवराची शेंग, मारवेलचं पान.

पिशव्या प्रयोगशाळेत जातील तेव्हा प्रथिनं मोजली जातील ती १८८३ सालच्या रीतीनं. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत केलडाल यांनी ती बसवली, बिअरच्या जवासाठी. नमुन्यातला नत्र मोजायचा आणि ६.२५ नं गुणायचं. रीत पक्की आहे, पण टॅनिननं घट्ट बांधलेला, जनावराला कधीच न मिळणारा नत्रही तीत प्रथिन म्हणून धरला जातो. म्हणून पाल्याचा आकडा एकटा कधी वाचू नये. शेजारी पचनाचा आकडा हवा आणि मेंढीनं तो पाला खाल्ला का, हेही लिहिलेलं हवं.

प्रथिनांपलीकडचंही असतंच. वाळल्या गवतातलं कॅरोटीन उन्हानं गेलेलं असतं. महिनोन् महिने हिरवं मिळालं नाही, तर जनावराला रातांधळेपणा येतो. लिंबाचा, बोरीचा चार घास पाला तो टाळतो. झाडपाल्यात कॅल्शियम भरपूर, स्फुरद मात्र कमी. हाडं चघळणारं जनावर दिसलं की मी आधी स्फुरदाकडे बोट दाखवते.

चार वाजता पुन्हा चाल. वाटेत घाणेरी, कळप वळसा घालून गेला. वेड्या बाभळीच्या गोड शेंगांपासून मात्र आबाच हाकलतात. फक्त त्याच दिवसेंदिवस खाल्ल्या तर जनावराचा जबडा लुळा पडतो.

सव्वापाच. माळाचा पलीकडचा उतार यंत्रानं खणलाय. पडीक जमीन म्हणून इथं गिरिपुष्प लावलं. त्याच्या पाल्यात वीस टक्क्यांहून जास्त प्रथिनं, कागदावर बाभळीला मागं टाकणारं झाड. माझी मेंढी जवळ गेली, पान हुंगलं आणि पुढं निघाली. पाला सुकवून दिला, हळूहळू सवय लावली तर जनावरं तो खातात, हे मला ठाऊक आहे. पण मोकळ्या कळपाला इथं आज एक घासही नाही, आणि खड्ड्यांच्या मातीखाली पवन्या गेला तो गेलाच. मला याचा राग येतो. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडणाऱ्या मुलखात पवन्याचा ठोंब वर्षानुवर्षं टिकतो आणि पहिल्या पावसात फुटतो. अशा जमिनीला पडीक म्हणणं चूक आहे.

सात. कळप वाडग्यात. कोकरं आपापल्या आईला आवाजावरून शोधताहेत. वहीत आजची ओळ लिहिली: गवत कमी, पाला आणि शेंग जास्त. गेरूच्या मेंढीनं दिवसभरात जे निवडलं, ते विळ्यानं कापलेल्या गवतापेक्षा नक्कीच सकस आहे. किती, ते पिशव्या सांगतील.

वाचणाऱ्यांत कुणाच्या बांधावर बाभूळ किंवा हिवर असेल, तर एवढं करा. पडलेल्या शेंगा आत्ताच गोळा करा, दोन दिवस वाळवा आणि भरडून पोत्यात भरा. भरडल्यानं बियांतलं प्रथिनही अंगी लागतं, एरवी ते लेंडीवाटे जातं. जूनमध्ये पाऊस लांबला, तर कडब्यावर रोज मूठ-दोन मूठ टाका. आणि सरपणासाठी ते झाड मागायला कुणी आला, तर देऊ नका.