गिअरबॉक्स मिळेल का, गिअरबॉक्स?

जुन्या मालमोटारीला गिअरबॉक्स शोधणे हे लग्नाचे स्थळ शोधण्यापेक्षा अवघड काम आहे, असे कोणी मला सांगितले असते तर मी हसलो असतो. स्थळ पाहताना निदान मध्यस्थ असतो, फोटो असतो, नातेवाईक असतात. इथे नवरदेव पस्तिशी उलटलेला, त्याचे घराणे केव्हाच बुडालेले, आणि पत्रिका म्हणून हाती काय, तर एका लोखंडी दंतचक्राचे मोडके दात!

आमचे दादा मुळशी तालुक्यात, पौडच्या पुढे ताम्हिणीच्या वाटेवर भातशेती करतात. मी पुण्याला महाविद्यालयात मराठी शिकवतो. त्यामुळे घरातल्या 'शहराकडच्या' यच्चयावत कामांचा मी आपोआप मुखत्यार. दाखला काढणे, चष्मा बदलणे आणि, २०२३ च्या पावसाळ्यापासून, गिअरबॉक्स मिळवणे.

दादांची मालमोटार ऑल्विन निस्सान. आमच्या वडिलांनी ती कोणा भाजीवाल्याकडून जुनीच घेतली होती. तिच्यातून आंबेमोहोर गिरणीवर जातो, पेंढा गोठ्यांना जातो, आणि पंचक्रोशीतली निम्मी वऱ्हाडे तिच्याच हौद्यातून लग्नाला गेलेली आहेत. त्या पावसाळ्यात दुसरा गिअर पडला की टिकेना. उतारावर भरल्या गाडीचा गिअर आपोआप सुटणे म्हणजे काय, हे पिरंगुटचा घाट उतरलेल्या माणसाला सांगायला नको. इंजिनाचा आधार सुटतो आणि सारा भार ब्रेकवर येतो. वहिनींनी दादांना स्वच्छ सांगितले, "आता ह्या गाडीत मी बसायची नाही, आणि तुम्हीही नाही."

मिस्त्री आले. त्यांनी गिअरबॉक्सच्या तळाचा बोल्ट सोडला, तर तेलाऐवजी ताकासारखे पांढरट काहीतरी बाहेर आले. तेलात पाणी मिसळले की ते असे दिसते. आणि पाणी शिरते कसे ते मोठे गमतीचे आहे. गाडी चालून चालून गिअरबॉक्स तापतो. आतली हवा फुगते आणि वरच्या बारीक नळीवाटे थोडी बाहेर जाते. अशी तापलेली गाडी ओढ्याच्या थंड पाण्यात घातली की आतली हवा एकदम आकसते आणि जिथून वाट मिळेल तिथून पाणी आत ओढून घेते. मुळशीत श्रावणापर्यंत ओढे किती आणि फेऱ्या किती, याचा हिशेब वाचकांनीच करावा. पाण्याने बेअरिंगे गंजली, ढिली झाली, शाफ्ट हलू लागला, आणि हलत्या शाफ्टावर दोन चक्रे एकमेकांना पुरती धरीनात.

मिस्त्रींनी ते तेल फडक्यावर गाळले. पितळी भुगा निघाला तर काळजी नसते. गिअर बदलताना झिजणाऱ्या कड्यांचा तो असतो. परंतु फडक्यावर पोलादाचे तुकडे होते. दुसऱ्या गिअरचे दात गेले होते. "मग तेवढे एक चक्र बदला," असे मी म्हणालो. त्यावर मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिले, ते मी विद्यार्थ्यांकडे पाहतो तसे. चक्र एकटे नसते. ते खालच्या शाफ्टावरच्या जोडीदाराशी झिजत झिजत जुळलेले असते, आणि आमच्या पेटीत खालची सगळी चक्रे एकाच लोखंडात घडवलेली. म्हणजे जोडच हवी, किंवा आख्खा गिअरबॉक्स.

पुतण्याचे मत निराळे होते. "आबा, भंगारात द्या. हप्त्यावर नवी छोटी गाडी घेऊ." त्याचे म्हणणे अगदी चूक नव्हते. भंगारवाला वजनावर भाव सांगून गेलाच होता. पण नव्या गाडीचा हप्ता दर महिन्याला येतो आणि भात वर्षातून एकदाच येते. कर्जाचा शब्द निघाला की दादा जेवणावरून उठत. कापणी दिवाळीच्या सुमाराची. हातात दोन महिने होते.

प्रथम नाना पेठ. मोटारींच्या सुट्या भागांसाठी पुणेकर जातो कुठे, तर तिथेच. पहिल्या दुकानदाराने गाडीचे नाव ऐकून हात जोडले. "सर, टाटाची फोर-झिरो-सेव्हन असती तर आत्ता काढून दिला असता."

ह्या एका वाक्यात ऐंशीच्या दशकाचा सगळा इतिहास आहे. त्या वेळी आपल्याकडे चार जपानी घराण्यांशी सोयरीक करून हलक्या मालमोटारी निघाल्या: स्वराज माझ्दा, आयशर मित्सुबिशी, डीसीएम टोयोटा आणि आमची ऑल्विन निस्सान. ऑल्विन म्हणजे तेच, ज्यांचे फ्रिज आणि घड्याळे अनेक घरांत होती, ते हैदराबादचे सरकारी ऑल्विन. त्यांचा मोटारींचा कारखाना जहिराबादला होता. पण १९८५ नंतर जपानी येन भराभर महागला, आणि तिकडून आणायचे भाग परवडेनासे झाले. त्यात १९८६ साली टाटांनी आपली ४०७ बाजारात आणली. स्वराज आणि आयशर टिकून राहिले. टोयोटाची ती कंपनी पुढे देवूकडे गेली आणि ऑल्विन निस्सान काही वर्षांतच महिंद्रांकडे. आज जहिराबादला महिंद्रांचे ट्रॅक्टर बनतात. येन महागल्याचा भुर्दंड मुळशीतल्या एका शेतकऱ्याने पस्तीसहून अधिक वर्षांनी भरावा, हे अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी मला कधी सांगितले नव्हते.

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात दोन रविवार हिंडलो. तिथे एक पेटी मिळाली, विकणारा शपथेवर "हाच" म्हणत होता. ती निघाली भलत्याच गाडीची. मग मुंबईला कुर्ल्याच्या भंगार बाजारात गेलो. तिथे एक वृद्ध व्यापारी भेटले. त्यांनी दोन गोष्टी शिकवल्या. पहिली अशी, की दुकानात गाडीचे नाव सांगत बसू नये, मोडका भागच बरोबर न्यावा. चक्राचे दात मोजावेत. पुढच्या शाफ्टावरच्या, क्लच प्लेटीत बसणाऱ्या खाचा मोजाव्यात; शाफ्टाचे नाक किती लांब, बोल्टांची भोके कुठे, मागची चकती केवढी, सारे मोजावे. एक दात कमीजास्त असला तरी लग्न मोडले. दुसरी गोष्ट मला फारच आवडली. ते म्हणाले, "गाडी जिथे जन्मली, तिथेच तिची हाडे सापडतात. मुंबईत कशाला शोधता? हैदराबादच्या रस्त्याला जा."

आणि जहिराबाद पुण्याहून हैदराबादला जाणाऱ्या हमरस्त्यावरच आहे! घटस्थापनेच्या आदल्या दिवशी दादा, मिस्त्री आणि मी एसटीने सोलापूरच्या वाटेला लागलो. दादांच्या मांडीवर पंच्यात गुंडाळलेले ते चक्र. शेजारच्या बाईंनी 'देव आहे का?' म्हणून विचारले. दादा 'हो' म्हणाले.

सोलापूरच्या अलीकडे रस्त्यालगतच्या एका आवारात बाभळीखाली आमच्या गाडीची सख्खी बहीण उभी होती. चाके नाहीत, दारे नाहीत, हौद्यात कोंबड्या. मिस्त्री सरळ खाली शिरले. तास गेला. पेटी उतरवून त्यांनी झाकण काढले, पुढचा शाफ्ट हाताने फिरवत एकेक गिअर टाकून पाहिला आणि दात मोजले. दोनदा मोजले. मग दादांना म्हणाले, "दादा, कवच फुटकं आहे. पण आतलं सोनं आहे."

भाव बावीस हजारांपासून सुरू झाला आणि दादांच्या मौनामुळे साडेतेरावर आला. मौनाचा एवढा दर मी प्रथमच पाहिला. मी मात्र पावतीसाठी अडून बसलो. नोंदणीच्या कागदावर इंजिनाचा नंबर असतो, चासीचा असतो, गिअरबॉक्सचा नसतो. म्हणून तो बदलला तर आरटीओत नोंद करावी लागत नाही, आणि नेमके म्हणूनच चोरीचा माल खपायला सोपा. ज्या गाडीतून पेटी काढली तिचा नंबर पावतीवर लिहून घेतलेला बरा.

पुढचे काम मिस्त्रींचे. आमचे कवच, त्यांची चक्रे, बेअरिंगे आणि सीले नवी, आणि वरची ती हवेची नळी लांब रबर जोडून पार आसनाच्या मागे, पाण्याच्या वर नेऊन बांधलेली. कापणी सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात गाडी उभी राहिली. पाचशे किलोमीटरनंतर तेल पुन्हा बदलायचे, अशी ताकीद होती. दादांनी ती तारखेसकट गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहिली. पहिली खेप पोत्यांची गेली तेव्हा वहिनी पुढे बसल्या, पण उतार येताच एक हात दाराच्या कडीवर ठेवून. दुसरा गिअर टिकला. थोडा गुणगुणतो, एवढेच.

पुतण्या अजून छोट्या गाडीची जाहिरात दाखवतो. दादा ती शांतपणे पाहतात. ते फुटके कवच आणि उरलेला सांगाडा गोठ्यात पडून आहे. भंगारवाला दोनदा विचारून गेला, दादांनी दिला नाही. परवा सांगलीकडच्या एका गृहस्थांचा फोन आला. त्यांच्याकडे हीच गाडी आहे आणि तिसरा गिअर पडत नाही; कुर्ल्याच्या त्या व्यापाऱ्यांनी आमचा पत्ता दिला म्हणे. दादांनी त्यांना रविवारी बोलावले आहे, आणि मोडका भाग बरोबर आणायला सांगितले आहे.